मोज्यांचे बोंबील

सिद्धेश,

वालीवच्या ड्युटीवरून आलास की हॉलमधल्या दोरीवरचे तुझे मोजे काढू नकोस. ते बोंबील आहेत.

आर्या मासळी सुकवायचा धडा घडाघडा वाचायची, पण विचारलं की काहीच सांगता यायचं नाही. म्हटलं, वाचताना डोळ्यांसमोर चित्र आण. ते येईना, म्हणून मोजे टांगले. मग तिला अर्नाळ्याचा अख्खा किनारा दिसला, कावळे हाकलणारी म्हातारीसुद्धा. पुस्तक मिटून सगळा धडा स्वतःच्या शब्दांत सांगितला पोरीने. वर म्हणते, "आई, वासपण येतोय." तो खरा होता.

आज बाई तिची तोंडी परीक्षा घेणारेत. मी सोबत चाललेय. यावेळी ती अडकत नाही, बघ.

संध्याकाळी तूही तिच्याकडून धडा ऐक. परवा तू तिला ठोंब म्हणालास, ते तिने ऐकलंय.

अश्लेषा