दुखलं, बरं झालं!

१८ फेब्रुवारी
सहा पॉइंट दोन! साखरेच्या रिपोर्टवर त्याच्याभोवती लाल पेनचा गोल. नंदुरबारच्या लॅबमधला नवनीत कागद हातात देत म्हणाला, "घाबरू नका मॅडम, डायबेटीस नही शे. आजून काठवर शेतस तुम्ही." काठावर म्हणे! विहिरीच्या काठावर उभं राहून कोणाला धीर आलाय?

बीपी होतंच. थायरॉइड होतंच. आता ही तिसरी सवत.

डॉक्टर बोलत होते – गोड बंद, भात कमी, रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मी मान हलवत राहिले. डोळ्यांपुढे आईचा पाय होता. मोलगीपर्यंत जीपमध्ये रिपोर्टची घडी घालत-उलगडत बसले.

१९ फेब्रुवारी
तिसरीच्या वर्गात पाढे घेताना दोनदा चुकले. पोरं हसली. हसू देत.

२१ फेब्रुवारी
आईचं लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. कालीबाई माझी आई. साखर होती, कोणाला माहीत नव्हतं. चुलीतला निखारा पायाखाली आला आणि तिला कळलंच नाही! जळल्याचा वास आला तेव्हा तिने खाली पाहिलं. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. बावन्नाव्या वर्षी गेली. मी सत्तेचाळीसची आहे.

म्हणून आजपासून रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. मग सेफ्टी पिन. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, माझंच. दहा बोटं, दोन टाचा. सगळीकडे दुखलं! एवढा आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

२२ फेब्रुवारी
दुखलं. बरं झालं.

२६ फेब्रुवारी
आज नवऱ्याला सांगितलं. आठ दिवस लपवलं होतं. आमशा हसला. "मॅडम, तुला रोग नाही झाला, तुला रिपोर्ट झालाय!" मग माझं तोंड बघितलं आणि उठून बाहेर गेला. बराच वेळ अंगणात विडी ओढत होता. आत येऊन म्हणाला, "यंदा होळीची पाळणी धरतो. तुझ्यासाठी."

मी म्हटलं, वेडा झालास का! पन्नाशी उलटली. बुध्या होऊन होळीभोवती रात्रभर नाचायचं वय आहे का हे? ऐकेल तर शपथ. स्वतः कधी दवाखान्याची पायरी चढला नाही. सुई बघितली तरी पळतो. आणि माझ्या साखरेसाठी देवीला साकडं घालणार!

खरं सांगायचं तर बरं वाटलं. फार बरं वाटलं.

४ मार्च
पाळणीचं व्रत सुरू. पायात चप्पल नाही, खाटेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, स्वतःच्या हातानं रांधून खायचं. बायकोला शिवायचं नाही. मी उंबऱ्यात, तो अंगणाच्या त्या टोकाला. पंचवीस वर्षांच्या संसारात इतके सभ्य आम्ही कधी नव्हतो.

७ मार्च
आमशा दिवसभर उन्हात ढोल वाजवतो आणि तांब्यामागून तांब्या पाणी पितो. किती वाळलाय! सासूबाई म्हणाल्या, "पाळणीनं अंग हलकं होतं." त्याचा करगोटा सैल होतो, आणि मी रोज दोन किलोमीटर चालते तरी काटा हलत नाही. चिडचिड झाली नुसती!

९ मार्च
मोलगीला होळीचा बाजार. भाजलेल्या हरभऱ्याच्या दाळ्या, गूळ, साखरेचे हार. मी फक्त दाळ्या घेतल्या. पण हारवाल्यानं एक पांढरं कडं हातावर ठेवलं आणि मी ते तोंडात टाकलं! विरघळलं आणि रडूच आलं, जीपमध्ये, सगळ्यांसमोर. शेजारची बाई म्हणाली, "कोणी गेलं का गं?"

११ मार्च
डाव्या टाचेला दुखलं नाही!

पाचावर धारण बसली. पुन्हा टोचली. नाही. आणखी जोरात. नाहीच. आई दिसायला लागली. पिन हातातून निसटून खाली पडली, ती शोधताना दिवा जवळ आणला तर काय – घट्टा! तिथली कातडीच चपलेनं जाड झालेली. बाजूला बोटभर सरकून टोचली, तर ओरडलेच. सासूबाई धावत आल्या. त्यांना सांगितलं, विंचू वाटला.

अशी मी किती दिवस जगणार?

१४ मार्च
पहाटे काठी गावची होळी पेटली. आमशा रात्रभर नाचला. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कंबरेला भोपळे आणि घुंगरं, अंगभर पांढरे ठिपके. दगड, काटे, राख, सगळ्यातून अनवाणी! त्याच्या बरोबरीचे दोघं तरणेबांड लंगडत बाजूला झाले, हा थांबला नाही. रेवाबाई – माझी सासू – ऊर भरून सगळ्यांना सांगत होती, "पाळणी खरी लागली माझ्या पोराला. काटा टोचत नाही, निखारा पोळत नाही!"

त्यानं लांबूनच मला हाक मारली. "बघ, पाय दुखतसुद्धा नाहीत! देवीनं तुझं ऐकलं."

महिनाभरात पहिल्यांदा भीती वाटली नाही. आज पिन टोचली नाही.

१५ मार्च
पाळणी सुटली. कोमट पाण्यानं आमशाचे पाय धुवायला बसले. तो भिंतीला टेकून सासूबाईंशी होळीच्या गप्पा मारत होता. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, आत मोडलेला. भोवती पू. चिमट्यानं धरून ओढला, खूप ओढावा लागला. त्याचं बोलणं सुरूच.

काटा माझ्या तळहातावर होता, तेव्हा त्यानं खाली वाकून विचारलं, "काय शोधतेस गं?"