मोटरसायकलमागचं तिसरं चाक

प्रिय पायल,

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. पण घरी पाठवलं असतं तर आईने ते तुझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं असतं, आणि तुमच्याकडे फोन तर कायम स्पीकरवर असतो. मधल्या सुट्टीत कुठेतरी एकटीने बसून वाच.

आधी आमची खबर. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सध्या माझा कारखाना थाटलाय. मोटरसायकलच्या मागे ओढायचा एका चाकाचा ट्रेलर बनवतोय. सोसायटीचे लोक येता-जाता विचारतात, भाजीचा धंदा काढताय का म्हणून. इतकी वर्षं कंपनीत ड्रॉइंग काढली, पण एका जोडाने माझं इतकं डोकं कधी खाल्लं नव्हतं. ट्रेलर म्हणजे पाइपची चौकट आणि जुन्या स्कूटरचं चाक, त्यात काही विशेष नाही. खरी गोम तो गाडीला जोडायचा कसा यात आहे. दोन चाकांचा ट्रेलर आपला आपण उभा राहतो, एका चाकाचा राहत नाही. त्याने डावी-उजवीकडे वळलं पाहिजे, खड्ड्यात वर-खाली झालं पाहिजे, पण कलायचं मात्र मोटरसायकल कलेल तेव्हाच. स्वतःच्या मनाने आडवं पडायचं नाही.

पहिल्यांदा मी कारच्या मागे असतो तसा लोखंडी गोळा लावला. गेटमधून बाहेर पडायच्या आत ट्रेलर कुशीवर झोपला. गोळा सगळ्याच बाजूंना फिरतो, हे कागदावर मला दिसलंच नव्हतं. मग अंबडच्या भंगारातून जुन्या जीपच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, आणला. त्याला दोनच आडव्या-उभ्या खिळी, त्यामुळे तो वळतो, वर-खाली होतो, पण पीळ घेत नाही. मागच्या चाकाच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी धरणारी फ्रेम काढली आणि तिला हा क्रॉस जोडला. वेल्डिंग संतोषने केलं. कंपनीत माझ्या शेजारी बसायचा तो, आता त्याचं स्वतःचं शॉप आहे.

गाडी स्नेहा चालवते. माझ्या सर्जरीच्या आधी तुझ्या या वहिनीने स्कूटीशिवाय कशाला हात लावला नव्हता, ते तू जाणतेसच. मी मागे बसतो. पाठीला टेकण आहे, कमरेला पट्टा. पाय फुटरेस्टला बांधून घेतो, कारण ते घसरले तरी मला कळत नाही. आणि ट्रेलरवर माझी व्हीलचेअर. म्हणजे कुठेही उतरलो तरी कुणाच्या खांद्यावर न जाता मला माझ्या खुर्चीत बसता येईल. एवढ्यासाठी हा सगळा उद्योग.

आधी वाळूचं पोतं बांधून स्नेहाने एकटीने चकरा मारल्या, सगळं ठीक होतं. गेल्या रविवारी सकाळी मी मागे बसलो आणि आम्ही पांडवलेणीच्या पुढे हायवेला लागलो. उतारावर वेग वाढला आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी थोडा, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. माझी कंबर डावीकडे फेकली जायची, मग उजवीकडे. मागे ट्रक हॉर्न देत होता. स्नेहा ओरडली, “अहो, धरा मला!” तिचा हात ब्रेककडे जाताना दिसला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, “ब्रेक नको! नुसता गॅस सोड!” पायल, घाबरल्यावर ब्रेक दाबायचा नाही, हे ऐकणं किती अवघड असतं! तिने ऐकलं. ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. हेलकावे कमी होत होत गाडी कडेच्या मुरुमात थांबली.

स्नेहा बराच वेळ हँडल सोडेना. गाडी सोडली तर मी पडणार, म्हणून तिला उतरताही येत नव्हतं. पुढे बघतच म्हणाली, “पडलो असतो तर मी लोळत बाजूला झाले असते. तुम्हाला तर बांधलंय मी.”

घरी येऊन मी कारण शोधलं. खुर्चीचं वजन चाकाच्या मागे पडत होतं, आणि क्रॉस केसभर ढिला होता. नवा क्रॉस बसवला, चाक हातभर मागे सरकवलं. पण स्नेहाला गाडीवर बस म्हणायची माझी हिंमत होईना. हा ट्रेलरचा नादच सोडून देऊ म्हणालो. तेव्हा ती चिडली. म्हणाली, “आईंना गुजरातचं खोटं सांगतच राहायचं असेल, तर खुशाल सोडा.” दुसऱ्या दिवशी तिनेच गाडी बाहेर काढली. त्याच उतारावर, त्याच वेगाने. ट्रेलर आमच्या मागे सावलीसारखा आला. काल वळणं घेतली, मातीच्या रस्त्याने गेलो. कुठे हलला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहितोय ते. माझ्या मणक्यातली गाठ काढली तेव्हा आईच्या हृदयाचा झटका ताजा होता, म्हणून मी गुजरातला कामावर गेलोय असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. परवा तिने मला व्हिडिओ कॉल केला. तू बहुतेक विहिरीकडे गेली होतीस. म्हणाली, “दिन्या, एकदा उभा राहून दाखव रे. नुसतं तोंडच दिसतं तुझं.” मी नेटवर्क नाही म्हणून फोन बंद केला. तिला संशय आलाय, पायल. जीप कालव्यापाशीच थांबते आणि पुढे आपल्या मळ्यापर्यंत नुसती पायवाट आहे, हे न येण्याचं कारण आता मला राहिलं नाही. येत्या रविवारी आम्ही त्या पायवाटेने येतोय. पण मला अचानक असं बघून तिला काही झालं तर मी काय करू? तिच्या डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, आता सांगायला हरकत नाही, पण घरच्या माणसाने शेजारी बसून, सावकाश सांगा. ते माणूस तूच. रविवारच्या आधी तिचा हात हातात धर आणि सांग की दिनेशचे पाय गेले, बाकी सगळा तो आहे. ती रडेल, तुझ्यावर चिडेल, मला फोन लावायला सांगेल. लगेच लाव. या वेळी मी फोन खाली ठेवून, मागे सरकून, तिला खुर्चीसकट सगळा दिसेन.

तुझाच,
दिनेशदादा