टक्क्यांचा निकष

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा आता जिने चढू देतो आणि धाकटीला चष्मा लागला. कचेरीत माझ्या डोक्यावर नवा पंखा बसवलाय. त्याच्याखाली ठेवलेला कागद शिपायाच्या आधी साहेबांच्या टेबलावर पोचतो.

मुद्द्यावर ये, असं तू म्हणत असशील. येतो.

तुमच्या नगरपालिकेचं अनुदान पूर्ववत झालं. मागची तूटही दोन हप्त्यांत मिळेल. दवाखान्यातल्या दोन्ही नर्सबाईंना मार्चअखेर घरी बसवायची नोटीस काढली असशील तर फाडून टाक. काल दुपारी निर्णय झाला आणि मी घरी येऊन चक्क आडवा झालो. किती दिवसांनी गाढ झोपलो.

आकारलेल्या घरपट्टीपैकी जितके टक्के वसूल, तितकं अनुदान जास्त, हा आमच्या आयोगाचा निकष होता. तू नगराध्यक्ष झालीस आणि एकूण एक घर, दुकान, गोदाम नव्याने मोजायला लावलंस. पट्टी पूर्वीपेक्षा जास्तच जमा झाली, पण आकारणीच दुप्पट झाल्यामुळे टक्केवारी नव्वदवरून साठवर आली. शेजारच्या गावाने बड्यांची गोदामं नोंदवलीच नाहीत. जेवढं नोंदवलं तेवढं सगळं वसूल केलं आणि पहिला नंबर पटकावला. आता नव्या निकषात, मुळात किती पट्टी आकारता आली असती, त्याच्याशी वसुली ताडून पाहणार.

हे सगळं तू तेव्हाच मला कोष्टकासकट लिहिलं होतंस. त्यावर मी फोनवर काय म्हणालो ते तू विसरली नसशील. नियम सगळ्यांना सारखा, बहीण म्हणून सूट मिळणार नाही. तू फोन ठेवलास तो ठेवलास, आणि मी इकडे तत्त्वाचा माणूस म्हणून मिरवत राहिलो.

ताई, तत्त्व वगैरे काही नव्हतं. तुझं कोष्टक मी त्याच दिवशी पाहिलं आणि तुझंच बरोबर आहे हे कळलं. तो निकष माझ्या डोक्यातून निघाला होता, त्यावरच मला बढती मिळाली होती. चूक कबूल केली तर हसं होईल म्हणून तुझं पत्र खणात टाकलं. तिकडे नगरसेवक तुला भर सभेत धारेवर धरत होते, पट्टीही वाढवली आणि अनुदानही घालवलं म्हणून. भावोजींकडून मला सगळं कळत होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी नर्सबाईंचं सांगितलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. काल ते कोष्टक मी बैठकीत ठेवलं. आयोगाच्या अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "दोन वर्षं गप्प का होतात?"

मी म्हणालो, "निकष माझा होता, साहेब. आणि बहीणही माझी."

त्यांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. नोकरीत पुढे जे व्हायचं ते होईल. मला हायसं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

एका ओळीत माफी मागून हे भागणार नाही, एवढं मला कळतं. तुझी अब्रू चारचौघांत गेली आणि मी चूक कबूल करतोय ती बंद पाकिटात, हे काही बरोबर नाही. म्हणून हे पत्र पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखव. घरचा मजकूर वगळ, बाकी एक शब्दही गाळू नकोस. सही हुद्द्यासकट करतोय.

तुझा धाकटा भाऊ,
आणि तो चुकीचा निकष लिहिणारा
उपसचिव, अनुदान आयोग