आपल्या हाताची गोष्ट

आई, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी का होईना, सापडलं.

तुझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जुळलेली होती आणि त्यांच्यात एक चिमुकलं जास्तीचं बोट. माझाही हात तसाच. बेलापुरात आपल्या पिठाच्या गिरणीवर तू त्याच हाताने दळण घ्यायचीस, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचीस. मी मात्र शाळेत हात खिशातून काढत नसे. एकदा तू मला गिरणीत सगळ्यांसमोर हटकलंस, "काय चोरलंय का त्यात? काढ बाहेर. हात हाय, पाप न्हाई." मी रडले होते. बायका हसल्या, मग त्यांतल्याच एकीने माझ्या हातावर गरम शेंगा ठेवल्या.

दहावीनंतर तू मला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलंस. ते म्हणाले, बोटं सुटी करता येतील. तू माझ्याकडे बघितलंस. मी नको म्हटलं. मग तू त्यांना विचारलंस, "पन डॉक्टरसाहेब, हे येतं कुठनं?" ते हसले. "देवाची करणी, बाई." बाहेर येताच तू भडकलीस. "एवढा शिकलेला मानूस, आनि देवावर ढकलतोय! तू शिक. तू शोधून काढ." एसटीत बेलापूर येईपर्यंत तू तेच बोलत होतीस, आणि मी खिडकीतून ऊस बघत होते.

तर ऐक. पेशीत काही प्रथिनं असतात, ती डीएनएला धरून कुठला जनुक कधी चालू करायचा ते ठरवतात. त्यांच्या धरणाऱ्या भागाला होमिओडोमेन म्हणतात. जेमतेम साठ अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात तीन मळसूत्री वळणं, आणि तिसरं वळण डीएनएच्या खोबणीत नेमकं बसतं. उंदीर, वटवाघूळ, गाय, देवमासा, आपण, सगळे एकमेकांपासून किती लांब गेलो! तो भाग मात्र जवळजवळ तसाच राहिला. पोटात बाळाची बोटं घडताना असंच एक प्रथिन कामाला असतं. आपल्या घरात त्या साठांतलं एकच अमिनो आम्ल बदललंय. ते मी माझ्या रक्तात पाहिलं आणि मामाच्याही; त्याचा डावा हात असाच ना. निकाल हातात आला तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसले. शेजारचे विद्यार्थी धावत आले, तर मी त्यांना माझा हात दाखवत सुटले.

रविवारी मामाकडे गेले. तो गोठ्यात होता. सगळं ऐकून गाईच्या पायाकडे बघत म्हणाला, "म्हंजे हिचं खूर आनि माजी बोटं, कारागीर एकच?"

"जवळजवळ एकच."

"आक्का असती तर आख्ख्या गावाला पेढे वाटले असते बघ!"

मग त्याने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "पन मग माजा डावाच का असा? उजवा चांगला हाय की."

मी पुष्कळ बोलले, निम्मं इंग्रजीत. तो भारावून मान हलवत राहिला. मामी चहा घेऊन आली आणि मी सुटले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुला तरी खरं सांगते. डावाच का, ते मला माहीत नाही.