काचेपलीकडची बाई

रविवार, ११ नोव्हेंबर १९७९
नाशिक

साखरपुडा झालाय, म्हणून आज सुधाकरबरोबर मॅटिनीला जायची परवानगी मिळाली. मध्ये त्याची बहीण, सोबत म्हणून. पिक्चर इंग्रजी, गुप्तहेरांचा, निम्मा समुद्राखालीच.

मी आठवीला इंग्रजी शिकवते, हे घोटीला त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. तरी बहिणीवरून वाकून तो मला प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत होता. बहुतेक चुकीचा! पाणबुडीत कोंडलेली ती बाई काचेवर मुठी आपटत ओरडत होती, "दार उघडा." हा म्हणतो, "ती त्याला सांगतेय, तू जा, माझी काळजी करू नकोस."

मी मान डोलावली. का डोलावली? आईने बजावलं होतं, त्याच्यासमोर शहाणपण नको. पण मान तर माझीच ना?

पाणी त्या बाईच्या हनुवटीपर्यंत चढलं, तरी याचं सांगणं चालूच.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "जास्त काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"गुणाची गं माझी."

काचेपलीकडच्या त्या बाईचं शेवटी काय झालं, कोण जाणे. मी तेव्हा त्याच्याकडे बघून मान डोलवत होते.