घेवड्याची खेप

३ मार्च
डोकं फिरलंय नुसतं! दादाने कंपनीच्या चाळीस वर्षांचा इतिहास छापून आणला — गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर स्वतःचा फोटो. अण्णांना दोन ओळी. आईला तेवढ्याही नाहीत. भाड्याच्या शेडमध्ये अण्णा काकड्या चिरायचे, आई बरण्यांची तोंडं मेणाने बंद करायची, दादा नि मी शाळेतून येऊन लेबलं चिकटवायचो — ह्यातलं काही म्हणजे काही नाही! म्हणे, 'लोणच्यात अडकलेली कंपनी हवाबंद डब्यांच्या धंद्यात आणली.' अडकलेली! त्याच लोणच्यांवर शिकलास ना रे?

४ मार्च
अण्णा असते तर साध्या भाजीचे डबे होऊच दिले नसते. "लोणच्याची राखण मीठ नि व्हिनेगर करतात. भाजीची कोण करणार?"

९ मार्च
घेवड्याचे डबे फुगलेत! एक-दोन नव्हे, रांगच्या रांग. बॉयलरवाल्याला फैलावर घेतलं. तो खाली बघत म्हणाला, "साहेबांनीच डबे वाफवायची वेळ कमी करायला लावली, ताई. माल लवकर काढायचा होता."

तशीच दादाकडे गेले. मान वर न करता म्हणतो, "फुगलेले काढून टाक, बाकीचे पाठव."

बाकीचे! एकाच खेपेतले! माल तपासायला मला ठेवलंय की शोभेला?

गोदामाला कुलूप ठोकलं. किल्ली माझ्याकडे.

१० मार्च
ऑफिसात दादाशी जुंपली. दोघंच होतो. "किल्ली दे." नाही देत! "अण्णांनी लाडावून ठेवलंय तुला. भित्री ती भित्रीच." तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच खेपेतला एक न फुगलेला डबा टेबलावर आपटला. "एवढी खात्री आहे ना? मग खा!"

त्याने फोडला. माझ्याकडे बघत चांगला अर्धा डबा संपवला. "झालं समाधान?"

दार आदळून निघाले. पोट बिघडलं की येईल ताळ्यावर!

११ मार्च
दादा कामावर आला नाही. बरं झालं — तेवढीच शांतता!

१२ मार्च
दादा श्वासाच्या यंत्रावर आहे. पापण्यासुद्धा उचलता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, अन्नातलं विष नसांत भिनलंय; डबाबंद काही खाल्लं होतं का? डॉक्टरांना डब्याचं सांगितलं. तेवढंच. वहिनी गळ्यात पडून रडली — "ताई, तुम्ही तरी किती अडवलं असेल त्यांना!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.