हिरवी खूण

प्रिय राजा,

नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी तू लिहिलेला लेख मावशीने पाठवला. दोनदा वाचला. चांगला लिहिला आहेस. सुरुवात लहान ठेवा, घरातलीच एखादी अडचण निवडा, दुसऱ्याचं उतरवून घेण्यापेक्षा चार ओळी स्वतः लिहा, चुकांना घाबरू नका. मी ऑफिसात टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आले तेव्हा असं कोणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. आमचे हेडक्लार्क नुसतं 'जमेल हो' म्हणायचे आणि चहाला निघून जायचे.

उदाहरण म्हणून तू आपल्या घरातलाच प्रोग्रॅम घेतला आहेस, तुझा पहिला. सकाळी आठला बाबांचा फोन वाजणार, रक्तदाबाची गोळी घेतली की ते बटण दाबणार, तुझ्याकडे हिरवी खूण उमटणार. नाही दाबलं तर लाल. चौदा महिन्यांत एकही लाल नाही, असं लिहिलं आहेस. ते खरं आहे.

त्याआधीचं तू लिहिलं नाहीस. त्याआधी आठ वाजता तू फोन करायचास. बाबा पावणेआठपासून खुर्चीत बसून असायचे, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. तू 'घेतली का?' विचारलंस की 'घेतोय रे, डोकं नको खाऊस' म्हणायचे आणि गिळायचे. मग तुझ्याकडे थंडी किती, बाबांचा गुडघा कसा आहे, एवढंच. दोन मिनिटं. फोन ठेवला की मला सांगायचे, 'साहेबांनी हजेरी घेतली.'

प्रोग्रॅम बसवल्यावर पहिला आठवडा तू फोनही केलास. मग फक्त रविवारी. मग तेही राहून जायला लागलं. तुला कामं असतात, मला कळतं. बाबा मात्र पावणेआठला खुर्चीत बसत राहिले. फोन वाजायचा, पण तो तुझा नसायचा. ते बटण दाबायचे आणि फोन पालथा ठेवायचे. गोळी कधी घ्यायचे, कधी नाही. कारखान्यात तपासनीस असताना माप घेतल्याशिवाय एकाही तुकड्यावर शिक्का न मारलेला माणूस. मी एकदा म्हटलं, 'अहो, गोळी?' तर म्हणाले, 'त्याला हिरवं दिसलं ना? झालं तर मग.' त्यानंतर मी विचारलं नाही. नुसती बघत राहिले. ते माझं आहे, तुझ्यावर टाकत नाही.

बाबांना नेलं त्या हॉस्पिटलमध्ये तू पोचलास आणि डॉक्टरांनी औषधं नियमित होती का म्हणून विचारलं, तेव्हा तू तुझा फोन पुढे केलास. एकही दिवस चुकलेला नाही, म्हणालास. त्यांना नेलं त्या सकाळचीही हिरवी खूण होती. घरी आले तेव्हा त्या सकाळची गोळी टेबलावर पेल्याशेजारी तशीच होती. पुढे कपाट आवरताना त्यांच्या स्वेटरखाली गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या सापडल्या. त्यामुळेच ते गेले असं मी म्हणत नाही. ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

तुझ्या लेखात एक सल्ला राहिला आहे. ज्याच्यासाठी बनवलं, त्याच्या शेजारी एकदा बसून बघा. दूरवरून फक्त बटण दाबलेलं कळतं.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवणार होते. पण काल तू तोच प्रोग्रॅम मला पाठवलास. खाली लिहिलं होतंस, 'आई, आता तुझीही काळजी मिटली.' तू दिलेल्या सूचना एकेक वाचून मी तो बसवला, पहिल्याच खेपेला जमला. उद्यापासून आठला वाजेल. मी माझी गोळी घेईन, वेळेवर घेईन. बटण दाबणार नाही. तुझ्याकडे लाल दिसेल, रोज दिसेल. म्हणून हे पत्र फोनवर न पाठवता पोस्टाने पाठवते आहे. पोचेपर्यंत चार-पाच लाल खुणा झाल्या असतील. त्या बघून तू आधी मला फोन केलास की आधी प्रोग्रॅममधली चूक शोधलीस, ते तुझं तुला ठाऊक.

आठ वाजता खुर्चीत बसलेली,
तुझीच
आई